रुग्णाला स्पर्श करण्याआधी : रुग्णालयांतील हस्तस्वच्छता

आजार बरा व्हावा म्हणून माणूस रुग्णालयात दाखल होतो. तेथे उपचार चालू असताना मूळ आजाराशी संबंध नसलेला नवाच संसर्ग त्याला जडला, तर त्यास रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. दाखल होताना ज्याचे लक्षण नव्हते आणि जो शरीरात आधीपासून मुरतही नव्हता, असा संसर्ग साधारणतः ४८ तासांनंतर प्रकट झाला, तर तो रुग्णालयातच लागला असे धरण्याची पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, रुग्णालयांत दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७ जणांना, तर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो. संसर्ग झालेल्या दर १० रुग्णांपैकी सरासरी एक दगावतो.

हे जंतू रुग्णापर्यंत पोहोचण्याचे मार्ग अनेक आहेत. दूषित पाणी, नीट निर्जंतुक न केलेली उपकरणे, कोंदट हवा, अस्वच्छ पृष्ठभाग हे त्यांपैकी काही. परंतु सर्वांत वर्दळीचा मार्ग म्हणजे उपचार करणाऱ्यांचे हात. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, आया, वॉर्डबॉय या सर्वांचे हात दिवसभरात असंख्य वेळा एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातात आणि त्यांच्याबरोबर जंतूही जातात. हात स्वच्छ केल्याने ही साखळी तुटते, हे १८४७ मध्येच दिसून आले होते. उपाय स्वस्त आहे, त्याला अर्धे मिनिट लागते, आणि तो माहीत नाही असा आरोग्यसेवक आज शोधून सापडणार नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांसाठी निरनिराळ्या देशांतील निरीक्षणांचा आढावा घेतला गेला, तेव्हा या नियमाचे सरासरी पालन ४० टक्क्यांच्या आतच आढळले.

या विसंगतीचे मूळ मनुष्यस्वभावात आहे. माणूस हात धुतो तो बहुधा स्वतःसाठी, आणि हात घाण झाल्यावर. रुग्णालयात मात्र तो धुवायचा असतो दुसऱ्यासाठी, आणि पुष्कळदा हात अगदी स्वच्छ दिसत असताना. हस्तस्वच्छतेचा सारा इतिहास आणि तिचे सारे शास्त्र या एका अडचणीभोवती फिरते.

व्हिएन्नातील दोन प्रसूतिकक्ष

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन कक्ष होते. १८४० पासून पहिल्या कक्षात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुइणींना प्रशिक्षण दिले जाई. कोणती स्त्री कोणत्या कक्षात जाणार, हे ती कोणत्या दिवशी आली त्यावर ठरे. दोन्ही कक्षांतील स्त्रिया एकाच थरातल्या, अन्न तेच, हवा तीच. तरीही १८४६ मध्ये पहिल्या कक्षात ४,०१० प्रसूतींमागे ४५९ माता मरण पावल्या, म्हणजे शंभरामागे ११ हून अधिक. दुसऱ्या कक्षात ३,७५४ प्रसूतींमागे १०५, म्हणजे शंभरामागे ३ हूनही कमी. बहुतेक मृत्यू सूतिकाज्वराचे, म्हणजेच बाळंतरोगाचे होते. हा फरक शहरात इतका ठाऊक झाला होता की, पहिल्या कक्षात नाव लागलेल्या स्त्रिया दुसऱ्या कक्षात घेण्यासाठी गयावया करीत.

पहिल्या कक्षात साहाय्यक म्हणून काम करणाऱ्या इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरने एकेक कारण तपासून बाजूला सारले. गर्दी म्हणावी, तर दुसरा कक्ष अधिक भरलेला असे. दूषित हवा म्हणावी, तर ती दोन्हीकडे सारखीच होती. मार्च १८४७ मध्ये त्याचे सहकारी याकोब कोलेच्का यांच्या हाताला शवविच्छेदन चालू असताना एका विद्यार्थ्याची सुरी लागली आणि ते मरण पावले. त्यांच्या शरीरात आढळलेले बदल बाळंतरोगाने मेलेल्या स्त्रियांच्या शरीरातील बदलांशी जुळत होते. तेथे सेमेलवाइसला कोडे उलगडले. विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन प्रसूतिकक्षात येत. सुइणींचा शवांशी संबंधच नव्हता.

येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. ते विद्यार्थी हात धुतच नसत, असे नाही. ते साबणाने हात धूत. डोळ्यांना हात स्वच्छ दिसत. पण शवाचा वास हाताला राही. तो वास जावा म्हणून सेमेलवाइसने क्लोरिनयुक्त चुन्याचे पाणी निवडले आणि मे १८४७ च्या मध्यास, कक्षात येणाऱ्या प्रत्येकाने त्यात हात धुतलेच पाहिजेत, असा दंडक घातला. एप्रिलमध्ये शंभरामागे १८ वर गेलेले मृत्यू जूनमध्ये सुमारे २ वर आले. पुढच्या वर्षी, १८४८ मध्ये, दोन्ही कक्षांतील मृत्युप्रमाण शंभरामागे १.३ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखे झाले.

१८४७ च्याच शरद ऋतूत आणखी एक धडा मिळाला होता. गर्भाशयाच्या स्रवणाऱ्या कर्करोगाची एक रुग्ण ज्या खाटेवर होती, तेथून तपासणीची फेरी सुरू होई. तिला तपासल्यावर विद्यार्थी केवळ साबणाने हात धुऊन पुढच्या स्त्रीकडे जात. त्या रांगेतील १२ बाळंतिणींपैकी ११ दगावल्या. दोष केवळ शवांचा नाही, जिवंत रुग्णाकडूनही तो पुढे जातो, हे यावरून कळले. त्यानंतर प्रत्येक दोन रुग्णांच्या मध्ये हात धुण्याचा नियम आला.

सेमेलवाइसच्या आधी, १८४३ मध्ये, अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनीही बाळंतरोग डॉक्टर व सुइणींमार्फत पसरतो, असा निष्कर्ष मांडला होता. दोघांनाही विरोध झाला. रोग जंतूंमुळे होतात, ही कल्पना तेव्हा रुजलेली नव्हती. रोगाचे मूळ दूषित हवेत शोधले जाई. शिवाय आपल्याच हातांनी रुग्ण मरतात, हे मान्य करणे प्रतिष्ठित डॉक्टरांना जड गेले. सेमेलवाइसचा ग्रंथ १८६१ मध्ये निघाला, तोही कटू टीकेने भरलेला. १८६५ मध्ये मनोरुग्णालयात, चिघळलेल्या जखमेतून झालेल्या संसर्गाने तो वयाच्या ४७ व्या वर्षी मरण पावला. जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील आपले लेख प्रसिद्ध केले ते १८६७ मध्ये. लुई पाश्चर यांनी बाळंतरोगाच्या रुग्णांत साखळीसारखे दिसणारे जंतू दाखवले ते १८७९ मध्ये.

पाश्चात्त्य वैद्यकाचे औपचारिक शिक्षण याच काळात आपल्याकडे येत होते. पणजीतील वैद्यकीय-शस्त्रक्रिया विद्यालय १८४२ मध्ये आणि मुंबईतील ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. पणजीच्या विद्यालयाचीच परंपरा आजच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे आली आहे. या संस्थांच्या पहिल्या विद्यार्थ्यांपुढे जंतूंचा सिद्धान्तच नव्हता. आजच्या विद्यार्थ्याला तो शाळेतच कळतो; तरी नियम पाळणे सोपे झालेले नाही.

हातावर काय असते

हातावरील सूक्ष्मजीवांचे दोन वर्ग केले जातात. पहिला वर्ग निवासी जंतूंचा. हे त्वचेच्या खोलवरच्या थरांत कायम राहतात, सहसा रोग उत्पन्न करीत नाहीत आणि साध्या धुण्याने पूर्णपणे जात नाहीत. दुसरा वर्ग तात्पुरत्या, म्हणजे पाहुण्या जंतूंचा. हे रुग्णाला, त्याच्या खाटेला, चादरीला किंवा उपकरणाला हात लागताच त्वचेच्या पृष्ठभागावर येऊन बसतात. रुग्णालयजन्य संसर्गाला बहुधा हेच कारणीभूत ठरतात. सुदैवाने ते वरवर बसलेले असल्याने हात स्वच्छ केल्यावर निघून जातात किंवा मरतात. शस्त्रक्रियेपूर्वीची हातांची तयारी अधिक वेळ व अधिक कसोशीने केली जाते, कारण तेथे निवासी जंतूही शक्य तितके कमी करायचे असतात.

जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे कसे जातात, याच्या पाच पायऱ्या सांगितल्या जातात. पहिली, जंतू रुग्णाच्या त्वचेवर वा आसपासच्या वस्तूंवर असतात. निरोगी त्वचेवरूनही रोज सुमारे दहा लाख सूक्ष्म कपचे गळतात आणि त्यांच्याबरोबर जिवंत जंतू चादरीवर, खाटेच्या दांड्यावर, कपाटावर पडतात. दुसरी, ते कर्मचाऱ्याच्या हाताला लागतात. तिसरी, ते हातावर काही मिनिटे तरी जिवंत राहतात. चौथी, हात स्वच्छ केला जात नाही किंवा अर्धवट केला जातो. पाचवी, तोच हात दुसऱ्या रुग्णाला लागतो. पहिल्या तीन पायऱ्या सर्वस्वी टाळणे कोणाच्या हाती नाही; चौथीवर मात्र साखळी तोडता येते.

या जंतूंपैकी स्टॅफिलोकोकस ऑरियस, क्लेब्सिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास ही नावे भारतीय रुग्णालयांच्या तपासणी अहवालांत वारंवार दिसतात. यांतील काही जंतू कोरड्या पृष्ठभागावर अनेक दिवस, तर काही महिनोन्महिने टिकतात. त्यांच्यातील पुष्कळ जाती अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाहीत. निरोगी माणसाच्या अंगावर ते निरुपद्रवी असू शकतात. पण लघवीची नळी, मध्यवर्ती शिरेतील नळी, व्हेंटिलेटर किंवा शस्त्रक्रियेची ताजी जखम म्हणजे शरीरात शिरण्याची उघडी दारे असतात. अकाली जन्मलेली बालके, भाजलेले रुग्ण, केमोथेरपी व डायलिसिस घेणारे रुग्ण यांना धोका सर्वाधिक असतो.

पाच क्षण

हात केव्हा स्वच्छ करावेत, याचे उत्तर पूर्वी लांबलचक याद्यांत दिले जाई. त्या लक्षात ठेवणे अवघड होते. जागतिक आरोग्य संघटनेने ते उत्तर पाच क्षणांत बसवले : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, इंजेक्शन, ड्रेसिंग, नळी घालणे अशा निर्जंतुक कृतीपूर्वी, रक्त, लघवी, थुंकी आदी शारीरिक द्रवांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर, आणि रुग्णाच्या भोवतालच्या वस्तूंना स्पर्श केल्यानंतर.

एका परिचारिकेचे काही मिनिटांचे काम पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. नोंदवहीवरून उठून ती खाटेजवळ येते आणि रुग्णाला कुशीवर वळवते. त्याआधी पहिला क्षण येतो. मग तिला सलाईनच्या नळीतून औषध द्यायचे असते. हात नुकतेच स्वच्छ केलेले असले, तरी मधल्या वेळात ते अंगाला, उशीला लागलेले असतात. म्हणून औषध देण्यापूर्वी दुसरा क्षण. ती लघवीची पिशवी रिकामी करते, तिसरा क्षण. रुग्णाला पांघरूण घालून निघते, चौथा क्षण. शेजारच्या खाटेजवळचा मॉनिटर वाजतो, ती रुग्णाला हात न लावता केवळ यंत्राचे बटण दाबते. तरीही पाचवा क्षण येतोच, कारण ते बटण त्या रुग्णाच्या परिसराचा भाग आहे.

पाचांपैकी पहिले दोन क्षण रुग्णाच्या रक्षणासाठी आहेत. उरलेले तीन कर्मचाऱ्याच्या आणि पुढच्या रुग्णाच्या रक्षणासाठी. निरीक्षणांत वारंवार असे आढळते की, स्पर्शानंतरचे क्षण बऱ्यापैकी पाळले जातात आणि स्पर्शाआधीचा क्षण सर्वाधिक चुकतो. रक्ताने माखलेला हात कोणालाही आठवण करून द्यावी लागत नाही. तो धुतलाच जातो. कोरड्या, स्वच्छ दिसणाऱ्या हाताने नाडी पाहण्याआधी थांबणे मात्र स्वभावात नसते. ते अंगवळणी पाडावे लागते. जेवणाआधी हात धुणे, बाहेरून आल्यावर हातपाय धुणे हे संस्कार घराघरांत आहेत. रुग्णालयाला त्यापुढची एक सवय लागते, आणि ती घरातून मिळालेली नसते.

साबण की हॅण्ड रब

अनेकांना साबण-पाणी अधिक विश्वासार्ह आणि अल्कोहोलचा हॅण्ड रब हा तडजोडीचा पर्याय वाटतो. रुग्णालयातील नेहमीच्या कामापुरती वस्तुस्थिती उलट आहे. हात डोळ्यांना मळलेले दिसत नसतील, तर अल्कोहोलचा हॅण्ड रब हाच प्रथम पसंतीचा उपाय मानला जातो. तो बहुतेक जिवाणू व पुष्कळसे विषाणू जलद मारतो, त्याला २० ते ३० सेकंद पुरतात, नळ वा बेसिन लागत नाही आणि त्वचेला जपणारे ग्लिसरीन त्यात असल्यास वारंवार साबणाने धुण्यापेक्षा त्वचा कमी कोरडी पडते.

साबण-पाणी अनिवार्य ठरते ते ठरावीक प्रसंगी : हात मळलेले दिसत असतील, रक्त वा अन्य द्रव लागले असतील, शौचालयाचा वापर केला असेल, किंवा बीजाणू निर्माण करणाऱ्या जंतूंचा संशय असेल तेव्हा. क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा अतिसार घडवणारा जंतू त्यांपैकी एक. अल्कोहोल त्याच्या बीजाणूंना मारत नाही. ते पाण्याने वाहून घालवावे लागतात. नोरोव्हायरससारख्या काही विषाणूंवरही अल्कोहोलचा प्रभाव कमी पडतो. साबण-पाण्याने हात धुण्यास, कोरडे करण्यासह, ४० ते ६० सेकंद लागतात.

हात कोरडे करणे हा धुण्याचाच भाग आहे, कारण ओल्या हातावरून जंतू अधिक सहज पसरतात. बेसिनजवळ खुंटीला दिवसभर लटकणारा सामाईक टॉवेल म्हणूनच घातक. एकदाच वापरायचा कागद किंवा प्रत्येक वेळी वेगळा, धुतलेला छोटा पंचा वापरावा, आणि नळ हाताने बंद करायचा असेल तर त्याच कागदाने बंद करावा. पाण्यात भिजून मऊ झालेली साबणाची वडी आणि न धुता वरचेवर भरली जाणारी द्रवसाबणाची बाटली, दोन्हींत जंतू वाढू शकतात. फार गरम पाण्याने त्वचा फाटते आणि फाटलेल्या त्वचेवर जंतू अधिक ठाण मांडतात.

हॅण्ड रब महाग असेल तर गरीब रुग्णालयांनी काय करावे, हा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेने त्याचे सूत्रच सर्वांसाठी खुले करून सोडवला. पहिल्या प्रकारात ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरीन आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. दुसऱ्या प्रकारात इथेनॉलऐवजी ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. अल्कोहोल जंतू मारते, ग्लिसरीन त्वचा राखते आणि पेरॉक्साइड द्रावणात चुकून आलेल्या बीजाणूंचा नाश करते. प्रशिक्षित औषधनिर्मात्याच्या देखरेखीखाली रुग्णालयाच्या औषध विभागातच हे द्रावण तयार करता येते. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने त्याचा साठा उष्णता व ज्योतीपासून दूर ठेवावा लागतो, आणि हात पूर्ण कोरडे होईपर्यंत थांबावे लागते.

चोळण्याची रीत

द्रावण तळहाताच्या खळग्यात भरेल इतके घ्यावे. तळहातावर तळहात चोळावा. एका हाताचा तळवा दुसऱ्याच्या पाठीवर ठेवून बोटांच्या बेचक्यांतून फिरवावा. मग तळव्यास तळवा लावून बेचके चोळावेत. बोटे एकमेकांत अडकवून त्यांची पाठ समोरच्या तळव्यावर घासावी. प्रत्येक अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवावा. शेवटी बोटांची टोके व नखे तळव्यावर गोल फिरवावीत. भारतात मनगटांचीही भर घालून या पायऱ्या लक्षात ठेवण्यासाठी ‘सुमन-के’ हे हिंदी सूत्र शिकवले जाते : सीधा, उल्टा, मुठ्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. घाईत सर्वाधिक सुटतात ते अंगठे आणि बोटांची टोके, आणि रुग्णाला सर्वांत आधी लागतात तीही तीच.

नखे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावीत. कृत्रिम नखे नकोत. त्यांखाली जंतू साठतात. अंगठीखालील त्वचेवर जंतूंची संख्या अधिक आढळते. बांगड्या, घड्याळ, मनगटावरचा धागा आणि लांब बाह्या यांमुळे मनगट स्वच्छ होत नाही. सौभाग्यचिन्हे व धार्मिक धागे हा भावनेचा विषय असल्याने अनेक ठिकाणी हा नियम सांगितला जातो, पण रेटला जात नाही. नियमामागील कारण समजावून दिले, तर तो मानणे सोपे जाते.

हातमोज्यांचा गैरसमज

हातमोजे हे हात स्वच्छ करण्याला पर्याय नाहीत. मोज्यांना न दिसणारी छिद्रे असू शकतात आणि ते काढताना बाहेरचा मळ हाताला लागतो. म्हणून मोजे चढवण्यापूर्वी व उतरवल्यानंतर हात स्वच्छ करावेच लागतात. याहून मोठा धोका वेगळा आहे. मोजे घातल्यावर आपण सुरक्षित आहोत, ही भावना कर्मचाऱ्याला येते आणि एकाच जोडीने तो दोन-तीन रुग्ण तपासतो, मध्येच दूरध्वनी उचलतो, दाराची कडी लावतो. अशा वेळी मोजा कर्मचाऱ्याचे रक्षण करतो आणि जंतू मात्र खाटोखाटी पोहोचवतो. मोजे दिसतात म्हणून रुग्णाला दिलासा मिळतो. पण ते या रुग्णासाठी नव्याने घातले का, हा खरा प्रश्न आहे.

माहीत असून का पाळले जात नाही

या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला शोध जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात लागला. दिदिए पित्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये निरीक्षण केले, तेव्हा हात स्वच्छ करण्याच्या आवश्यक प्रसंगांपैकी ४८ टक्के प्रसंगीच ते केले जात होते. काम जितके गर्दीचे, तितके पालन कमी. अतिदक्षता विभागात, जेथे गरज सर्वाधिक, तेथे ते विशेष खालावलेले. डॉक्टरांचे पालन परिचारिकांपेक्षा कमी होते.

कारण उघड होते. दर तासाला कित्येक वेळा बेसिनपर्यंत जाऊन, मिनिटभर हात धुऊन परत येणे व्यवहारात अशक्य असते. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा हिशोबच मांडला गेला. एका अतिदक्षता विभागात सर्वांनी नियम पूर्ण पाळून साबण-पाण्याने हात धुतले, तर एका पाळीत सर्वांचे मिळून १६ तास त्यातच जातील. खाटेजवळ ठेवलेला हॅण्ड रब वापरल्यास ३ तास. जो नियम पाळायला माणसे पुरत नाहीत, तो मोडणाऱ्याला केवळ बेशिस्त म्हणून काही साधत नाही.

जिनिव्हात म्हणून उपदेशाआधी व्यवस्था बदलण्यात आली. प्रत्येक खाटेजवळ हॅण्ड रब ठेवला, खिशात मावणाऱ्या बाटल्या वाटल्या, भिंतींवर भित्तिपत्रके लावली, निरीक्षणांचे निष्कर्ष कर्मचाऱ्यांना वेळोवेळी कळवले आणि वरिष्ठ प्रशासनाने या कामाला उघड पाठिंबा दिला. १९९७ पर्यंत पालन ६६ टक्क्यांवर गेले. त्याच काळात रुग्णालयजन्य संसर्गाचे प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर उतरले. याच अनुभवावर जागतिक आरोग्य संघटनेची मोहीम २००५ मध्ये उभी राहिली. २००९ पासून दरवर्षी ५ मे हा हस्तस्वच्छतेचा दिवस पाळला जातो. पाचवा महिना, पाचवी तारीख, म्हणजे दोन्ही हातांची पाच-पाच बोटे.

संघटनेच्या धोरणाची पाच अंगे आहेत : साधने जागेवर उपलब्ध करणे, प्रशिक्षण, निरीक्षण करून निष्कर्ष कळवणे, कामाच्या जागी आठवण करून देणे आणि संस्थेत सुरक्षिततेचे वातावरण राखणे. शेवटचे अंग सर्वांत अवघड. प्रमुख डॉक्टर फेरीला येतात आणि हात न चोळताच पहिल्या रुग्णाला हात लावतात, तेव्हा मागचे निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी त्यांचेच पाहून शिकतात. कनिष्ठ परिचारिकेला त्यांना “सर, हॅण्ड रब” असे निःसंकोच म्हणता येत असेल, आणि ते रागावण्याऐवजी हात पुढे करीत असतील, तर ते रुग्णालय सुरक्षित वाटेवर आहे असे समजावे.

निरीक्षणालाही मर्यादा आहेत. कोणी पाहत आहे हे कळताच पालन वाढते आणि निरीक्षक गेला की पुन्हा घटते. त्यामुळे केवळ तपासणीच्या दिवशीचा आकडा फसवा ठरू शकतो. हॅण्ड रबचा दरमहा खप किती, हे त्याच्या जोडीने पाहिले तर चित्र अधिक खरे उमटते. शंभर खाटांचा वॉर्ड महिनाभर मूठभर बाटल्यांवर चालत असेल, तर टक्केवारी काहीही सांगो, हात स्वच्छ होत नाहीत हे उघड आहे.

भारतातील आणि गोव्यातील संदर्भ

भारतात केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘कायाकल्प’ योजनेत सार्वजनिक रुग्णालयांचे मूल्यमापन होते आणि संसर्गनियंत्रण हा त्याचा एक भाग आहे. जानेवारी २०२० मध्ये संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. रुग्णालयात संसर्गनियंत्रण समिती असावी आणि तिच्या जोडीला या कामासाठी नेमलेली परिचारिका असावी, अशी अपेक्षा असते.

येथील अडचणींचे स्वरूप मात्र जिनिव्हाहून वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आकडेवारीनुसार, जगातील जवळजवळ निम्म्या आरोग्य संस्थांत उपचाराच्या ठिकाणी हात स्वच्छ करण्याची आणि शौचालयापाशी साबण-पाण्याची अशी दोन्ही मूलभूत सोय नाही. गर्दीच्या सार्वजनिक रुग्णालयात एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण असतात, दोन खाटांमधले अंतर कमी असते, कधी जमिनीवरही रुग्ण ठेवावे लागतात. मग एका रुग्णाचा परिसर कोठे संपतो आणि दुसऱ्याचा कोठे सुरू होतो, हेच ठरवता येत नाही.

गोवा हे लहान राज्य असल्याने येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात राज्यातील सर्व तालुक्यांतून, शिवाय सिंधुदुर्ग व कारवार भागांतूनही रुग्ण येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातून म्हापसा वा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात, तेथून बांबोळीला, आणि बरे वाटल्यावर परत गावाकडे असा रुग्णाचा प्रवास होतो. रुग्ण जेथे जातो तेथे त्याच्या त्वचेवरील व आतड्यातील जंतू बरोबर जातात. एका ठिकाणच्या हातांची हेळसांड दुसऱ्या ठिकाणच्या रुग्णाला भोवू शकते. हस्तस्वच्छता म्हणूनच मोठ्या रुग्णालयापुरती मर्यादित राहू शकत नाही. ग्रामीण केंद्र, खासगी दवाखाना, रुग्णवाहिका आणि घरी जाऊन ड्रेसिंग करणारी परिचारिका या सर्वांना ती लागू आहे.

प्रतिजैविकांची परिणामकारकता घटत असताना या उपायाचे मोल वाढले आहे. औषधाला दाद न देणारा जंतूही हॅण्ड रबने इतर जंतूंइतकाच मरतो. जो संसर्ग झालाच नाही, त्यावर महागडे प्रतिजैविक द्यावे लागत नाही, आणि रुग्णालयातील मुक्कामही लांबत नाही.

रुग्ण आणि नातेवाईक

आपल्याकडे रुग्णाची पुष्कळशी शुश्रूषा नातेवाईकच करतात. भरवणे, अंग पुसणे, बेडपॅन देणे, कुशीवर वळवणे ही कामे त्यांच्याकडे येतात, आणि शेजारच्या खाटेवरील आजोबांना पाणी देण्याची माणुसकीही तेच दाखवतात. त्यामुळे हातांचे नियम त्यांनाही लागू होतात : वॉर्डात शिरताना व निघताना, रुग्णाला भरवण्यापूर्वी, शौच-लघवीची कामे केल्यावर आणि दुसऱ्या रुग्णाच्या मदतीला जाण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करावेत. सलाईनच्या जोडांना, जखमेच्या पट्टीला व नळ्यांना विनाकारण हात लावू नये. नवजात बालकाला पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने आधी हात धुवावेत. त्याचे कौतुक मिनिटभर उशिरा झाले तरी चालते.

उपचार करणाऱ्यांना विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. “डॉक्टर, हात स्वच्छ केलेत ना?” किंवा “सिस्टर, जरा हॅण्ड रब लावता का?” असे नम्रपणे म्हणण्यात उद्धटपणा नाही. तरी आजारी, दुखण्याने गांजलेल्या माणसावर ही जबाबदारी टाकून रुग्णालयाला मोकळे होता येणार नाही. असा प्रश्न विचारण्याचे धैर्य अनेकांना होत नाही, आणि भूल दिलेला रुग्ण, व्हेंटिलेटरवरील रुग्ण किंवा काचेच्या पेटीतले बालक तर तो विचारूच शकत नाही. ज्यांना संसर्गाचा धोका सर्वाधिक असतो, त्यांच्यात असेच रुग्ण पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी पहिला क्षण कर्मचाऱ्याने न सांगता पाळावा लागतो, आणि तो पाळता यावा इतका जवळ हॅण्ड रब ठेवणे हे रुग्णालयाचे काम आहे.